साडेतीन लिटर पातळ तेल

कठोरा रोड, अमरावती
दि. २ मे २०२५

चि. धर्मेंद्र यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे माय बरी आहे. उन्हामुळे दुपारी जेवत नाही, संध्याकाळी मात्र ज्वारीची भाकर आणि ठेचा मागते. ठेचा मी देत नाही. यावरून रोज एक भांडण होतं आणि त्यामुळे तिची तब्येत ठीक आहे असं मी समजते.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं. शेजारच्या गीतांजलीबाई खिडकीत येऊन उभ्या राहतात. शिवाय कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही, हे मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून शिकले आहे.

मुद्दा असा. १२ एप्रिलला मी गाडी तुझ्या गॅरेजमध्ये आणली, तू तेल बदललंस, त्यानंतर ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. एका लिटरला चोवीस किलोमीटर जायची. परवा धामणगाव रेल्वेला जाऊन आले, वहीत मांडून पाहिलं, एकवीस भरले. रस्ता तोच, वेग तोच, चालवणारी मीच. दुसरं म्हणजे, चालताना मध्येच इंजिन बंद होऊन पुन्हा सुरू होतं ना, तेव्हा पूर्वी कळायचंही नाही. आता एक हलका धक्का बसतो, जड माणूस खुर्चीवरून उठावा तसा. हायब्रिड गाडी काय असते ते तुला सांगायला नको. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन बिऱ्हाडं एका घरात. पण त्यांच्यात आधी कुरबुर नव्हती.

तू कोणतं तेल घातलंस ते मला कळव. पावतीवर नुसतं "इंजिन ऑइल साडेतीन लिटर" असं आहे. नाव नाही, नंबर नाही. तुझ्या पावतीवर असं कधी नसतं.

आता दुसरी गोष्ट, आणि तीच महत्त्वाची. अनुप पुण्याहून दर रविवारी फोन करून सांगतो की आई, ही गाडी कंपनीच्या सेंटरशिवाय कुठेही नेऊ नकोस, मामाच्या हाताला जुन्या गाड्यांची सवय आहे. मी त्याला सांगितलं की माझ्या पहिल्या स्कूटीपासून आजपर्यंत माझ्या वाहनाला धर्मेंद्रशिवाय कोणाचा हात लागलेला नाही आणि एकदाही मी रस्त्यात उभी राहिलेली नाही. यावर त्यानं विषय बदलला. आता एकवीसचा आकडा त्याला कळला तर बदलणार नाही. म्हणून आधी तुला विचारते आहे. गाडी तुझ्याकडे राहील की नाही, हे तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझ्या दंडावर त्या दिवशी पट्टी होती. सायलेन्सर लागला म्हणालास. जखम भरली का? हर्षाला आणि दीपमालाला माझी आठवण सांग.

माया आहे तशीच ठेव, उत्तर मात्र लवकर पाठव.

तुझी,
प्रियदर्शनीताई

•

वाशीम बायपास, अकोला
दि. ७ मे २०२५

आदरणीय ताई यांस,
धर्मेंद्रचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन कुंदन मले म्हणे की दादा, आता तर लोकं लग्नाचं आवतनही मोबाइलवर पाठवून राहिले, तुमाले अजून बहीण पत्र लिहिते? म्या म्हटलं, बहीण नाही ते, हेड ऑफिस होय.

तू माह्या लिहिण्याले हसशील. पण मी बोलतो तसाच लिहितो, हे तुले शाळेपासून मालूम आहे.

तेलाचं म्हणशील तर काळजीचं कारण नाही. म्या ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टी घातलं. जाड तेल. चांगल्या कंपनीचं, सीलबंद. आता काहून घातलं ते ऐक. तुह्या गाडीच्या पुस्तकात जे पातळ तेल लिहिलं ते थंड्या मुलकातल्या लोकांसाठी आहे. पाण्यासारखं असते ते. आपल्या अकोल्यात कालच पंचेचाळीस होतं. टिनाखाली उभं राहिलं की डोक्यातलं पाणी उकळते, तर इंजिनचं काय होत असन? उन्हानं तेल आणखी पातळ होते, मंग लोखंडावर लोखंड घासते. तीस वर्षं मी वऱ्हाडातल्या गाड्या पाहून राहिलो. जाड तेलानं इथं कोणाचं इंजिन बसलं नाही. पातळानं बसलेलं पाहिलं आहे.

दोन-तीन किलोमीटर अवरेज कमी झालं असन तर ते एसीमुळे. मे महिन्यात सगळ्यांचंच होते. अनुपले सांग की मामानं तुह्या मायची गाडी सांभाळली आहे, लॅपटॉप नाही.

जखम भरली. दीपमाला बरी आहे, जरा कमी बोलून राहिली सध्या. हर्षा म्हणते की ताईले सांगा, मायले घेऊन आंब्याच्या दिवसात चार दिवस या.

पावतीवर नाव लिहायचं राहून गेलं. घाई होती.

आपला जीव आमच्यावर राहो, ही विनंती.

तुहा,
धर्मेंद्र

•

अमरावती
दि. १३ मे २०२५

चि. धर्मेंद्र यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल पौर्णिमा होती. विहारात वंदना झाली, खीर झाली. मायला गाडीतून नेलं. येताना पुन्हा तोच धक्का बसला.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पटलं. दुसऱ्यांदा वाचताना समोर गाडीचं पुस्तक ठेवलं आणि पटायचं थांबलं. बी.एस्सी. होऊन मला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण छापील मजकूर अजून कळतो. त्यात झिरो डब्ल्यू सिक्स्टीन लिहिलं आहे. ते मिळालंच नाही तर झिरो डब्ल्यू ट्वेंटी चालेल, आणि पुढच्या वेळी पुन्हा सिक्स्टीनवर या, असं बजावलं आहे. ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टीचा उल्लेखच नाही. खाली एक तक्ता आहे, कोणत्या हवामानात कोणतं तेल चालतं याचा. त्यात उन्हाच्या बाजूची रेघ तापमापकाच्या टोकापर्यंत गेलेली आहे. म्हणजे अकोला त्यांच्या हिशेबात धरलेलं आहे.

मी माझ्या परीनं हे समजून घेतलं ते असं. बाहेर पंचेचाळीस असो की पाच, साध्या गाडीचं इंजिन एकदा तापलं की तापलेलंच राहतं. या गाडीचं इंजिन मात्र अर्धा वेळ बंद असतं. राजकमल चौकात सिग्नलला थांबले की बंद, उतारावर बंद, गर्दीत बंद. घरापासून विहारापर्यंत काल मी मोजलं, अकरा वेळा ते झोपलं आणि अकरा वेळा उठलं. प्रत्येक वेळी उठताना तेल क्षणात वरपर्यंत पोचलं पाहिजे. जाड तेल तोवर खालीच. म्हणजे पातळ तेल थंड मुलखासाठी नाही, वारंवार झोपमोड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. चूक असेल तर दाखव.

मला खटकतं ते हे नाही. मला खटकतं ते असं की एवढं तुला कळत नसेल यावर माझा विश्वास नाही. गेल्या दिवाळीत जेवताना तूच अनुपला हायब्रिडचं इंजिन समजावून सांगत होतास आणि तो मान डोलवत होता. मग एप्रिलमध्ये तू विसरलास?

जाड तेलाबद्दल मला दुसरंही एक आठवतं. जुन्या गाड्या विकणारा तो दलाल तुझ्याकडे आला होता. इंजिन खडखड करतं, जाड तेल घालून आवाज दाब, गिऱ्हाइकाला आठ दिवस कळणार नाही, असं म्हणत होता. तू त्याला पाना दाखवून बाहेर काढलंस. ही गोष्ट मी ऑफिसमध्ये कितीतरी लोकांना सांगितली आहे. तेव्हा तसा काही प्रकार माझ्या मनात नाही, हे स्पष्ट करते.

आणखी एक. माय काहीबाही सांगते आहे. म्हणे त्या दिवशी धर्माच्या दुकानात मी गाडीत गारगार बसली होती, तर गाडी आपोआप जागी झाली, पायाखाली थरथर सुटली, दीपमालानं बोंब मारली आणि धर्मा खड्ड्यातून वर आला तर तोंड पांढरंफटक. मी तिला म्हटलं की तुला डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल. तर मला म्हणाली, शिकलेल्या माणसाले स्वप्न पडत नाई काय, मलेच पडते? आता वय शहाऐंशी. पण ठेच्याच्या बाबतीत तिची स्मरणशक्ती पक्की असते, म्हणून तुला विचारते. काही झालं होतं का?

आपुलकीत खंड नको, आणि उत्तरात पळवाट नको.

तुझी,
ताई

•

अकोला
दि. १७ मे २०२५

आदरणीय आत्यास,
दीपमालाचा सविनय जयभीम. वि. वि.

आत्या, मी पत्र कधी लिहिलेलं नाही. चुकलं तर समजून घ्या. तुम्हाला मेसेज केला असता, पण माझा मोबाइल बाबांच्या टेबलावरच चार्जिंगला असतो. हे पत्र मी बसस्टँडच्या पेटीत टाकते आहे.

तुमचं तेरा तारखेचं पत्र बाबांनी वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. दोन दिवस झाले, शर्ट बदलला तरी पत्र नव्या खिशात जातं. जेवताना आई विचारते की ताईंना काय लिहिलं, तर ते पाणी मागतात.

मला एवढंच सांगायचं आहे की तुमच्या गाडीसाठी झिरो डब्ल्यू सिक्स्टीनचा डबा मी दहा एप्रिललाच आणून ठेवला होता. बाबांनीच आणायला सांगितला होता. चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच्या हातानं नंबर लिहिला होता. तो डबा अजून कपाटावर आहे. सील तसंच आहे.

पुढचं मी सांगणार नाही. ते बाबांनी सांगायचं आहे. मी त्यांना म्हटलं आहे की तुम्ही आत्याला सांगा, नाहीतर मी इथं काम करणार नाही. नांदगाव पेठला एका कापड कारखान्यात मशीन मेंटेनन्सची जागा निघाली आहे, माझी एक मैत्रीण तिथं आहे. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला तो बाबांच्या गॅरेजसाठी केला. पण जिथं खरं दाबून ठेवायचं आहे तिथं मला पाना धरायचा नाही. हे मी त्यांना ओरडून सांगितलं. त्यांना ऐकू यावं म्हणून नाही, रागानं.

तोपर्यंत गाडी लांबच्या रस्त्याला नेऊ नका. बडनेऱ्यापर्यंत ठीक आहे.

आजीला सांगा, तिला स्वप्न पडलं नव्हतं.

लहान समजून पोटात घ्या.

तुमची,
दीपमाला

•

अमरावती
दि. २१ मे २०२५

चि. धर्मेंद्र यास,
सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर आलेलं नाही. दुसरीकडून मला एवढं कळलं की योग्य तेलाचा डबा तुझ्याकडे होता, तूच मागवला होता आणि तो तू उघडला नाहीस. कोणी सांगितलं ते विचारू नकोस आणि त्या व्यक्तीला एक शब्द बोलू नकोस. बोललास तर मला कळेल.

म्हणजे तू चुकून जाड तेल घातलं नाहीस. जाणून घातलंस. आणि मला अकोल्याच्या उन्हाची गोष्ट सांगितलीस. तेलापेक्षा ही गोष्ट मला जड जाते आहे.

गाडी सध्या अंगणात झाकून ठेवली आहे. मायला दवाखान्यात ऑटोनं नेते. अनुपला मी अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारपर्यंत थांबते. त्यानंतर गाडी कंपनीच्या सेंटरला जाईल, आणि एकदा गेली की मग माझी कोणतीही गाडी तुझ्याकडे येणार नाही. मी धमकी देत नाही, काय होईल ते सांगते.

१२ एप्रिलला काय झालं ते सगळं लिही. जिव्हाळा शिल्लक आहे, म्हणून विचारते.

प्रियदर्शनी

•

अकोला
दि. २४ मे २०२५

आदरणीय ताई यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

ताई, सगळं लिहितो. आधी उन्हाचं लिहिलं ते खोटं होतं. मले मालूम होतं की खोटं आहे. लिहिताना वाटलं तू मानून घेशील. तू काहून मानशील?

त्या दिवशी दुपारी तुमी आल्या. माय म्हणे मी गाडीतून उतरत नाही, इथं गारगार वाटून राहिलं, बाहेर भट्टी आहे. गाडी पिटच्या खड्ड्यावर होती. मीही म्हटलं बसू द्या, तेल बदलायले वीस मिनिटं लागतात. एसी चालू होता. इंजिनचा आवाज नव्हता. मी पिटमध्ये उतरलो, नट खोलला, खाली ट्रे लावला. तेल पूर्ण गळू दिलं.

ताई, आजपर्यंत मी इंजिन कानानं ओळखलं. लांब पेचकस इंजिनवर टेकवायचा, दुसरं टोक कानाले लावायचं, मंग कोणती वस्तू बोलून राहिली ते कळते. डावा कान दोन वर्षांपासून गेला आहे. उजवाही अर्धाच. हे कोणाले सांगतलं नाही. गिऱ्हाइकासमोर पेचकस लावतो अन् हातानं अंदाज घेतो. दीपमालाले संशय होता.

तर तेल गळून गेलं अन् मी फिल्टर काढायले हात वर केला. तेवढ्यात हाताखाली सगळं थरथरलं. मले वाटलं वरून ट्रक जाऊन राहिला. मंग ध्यानात आलं की इंजिन चालू झालं. एसीनं मोठी बॅटरी उतरली होती, तर गाडीनं आपल्या मनानंच इंजिन सुरू केलं. आत तेलाचा थेंब नाही. मी ओरडलो. हात मागे घेताना सायलेन्सरले लागला. दीपमाला काउंटरवर होती, तिनं आवाज ऐकला, धावत आली अन् मायच्या अंगावरून हात घालून बटन दाबलं. पंधरा सेकंद गेले असतील. वीसही असतील. मले तर वर्षभर वाटले.

नवा फिल्टर लावला, नट लावला. दीपमालानं घरातून तुही किल्ली आणली, मंग हाताशी उघडा होता त्या डब्यातलं थोडं तेल टाकून गाडी सुरू करून पाहिली. मले काहीच ऐकू आलं नाही. दीपमालाले विचारलं की आवाज कसा आहे. ते म्हणे बारीक टिकटिक आहे बाबा. तिचं म्हणणं होतं की आत्याले आता सांगू, गाडी इथंच ठेवू, उद्या तपासू. तू घरात हर्षाजवळ जेवून राहिली होती. मले तुह्या हसण्याचा आवाज आला नाही, पण खिडकीतून तू दिसली, हसताना. मंग माही हिंमत झाली नाही. म्या ते तेल काढून कपाटातलं जाड तेल भरलं. टिकटिक बंद झाली असं दीपमाला म्हणे. मंग तिनं पातळ तेलाचा डबा न उघडता कपाटावर ठेवून दिला.

ज्या कामासाठी म्या त्या दलालाले हाकललं होतं, तेच काम म्या माह्या बहिणीच्या गाडीत केलं. तुह्या पत्रात ते वाचलं तेव्हापासून ते पत्र खिशात घेऊन फिरून राहिलो.

आता तू म्हणशील ते. गाडी कंपनीत ने, इंजिनमध्ये काही निघालं तर ते माह्यावर. शटर बंद करावं असं मनात आहे. जे माणूस चालू इंजिन अन् बंद इंजिन ओळखू शकत नाही त्यानं पाना खाली ठेवावा. दीपमालाले म्हटलं तू सांभाळ, तर ते म्हणे आधी आत्याचं उत्तर येऊ द्या.

मायले सांग, तिचं खरं होतं.

तुह्या लोभाले पात्र राहिलो असन तर राहू दे.

धर्मेंद्र

•

अमरावती
दि. २ जून २०२५

चि. धर्मेंद्र यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी गाडीबद्दल. तुझं पत्र सत्तावीसला पोचलं. त्याच संध्याकाळी मी दीपमालाला फोन केला आणि काल, रविवारी, ती पहिल्या बसनं आली. पिशवीत तोच सीलबंद डबा, नवा फिल्टर, ट्रे आणि तुझे दोन पाने. माझ्या अंगणात गाडी पुढून उचलून, खाली ठोकळे लावून तिनं जाड तेल काढलं. जुना फिल्टर पत्र्याच्या कात्रीनं उभा कापला आणि त्याचा कागद उन्हात पांढऱ्या कापडावर पसरला. आम्ही दोघी चष्मा लावून बसलो. लोखंडाची चमक असेल तर इंजिन आतून घासलं आहे असं ती म्हणाली. पाऊण तास पाहिलं. लोहचुंबक फिरवला. काही नाही. मग तिनं मोजून साडेतीन लिटर पातळ तेल घातलं. अनुपच्या लहानपणीच्या मालिशच्या तेलासारखं पातळ, रंगानं मधासारखं. गाडी सुरू केली. टिकटिक नाही. आज सकाळी नांदगाव खंडेश्वरपर्यंत गेले आणि आले. साडेतेवीस. धक्का नाही.

दीपमाला म्हणते की थोडं जाड तेल कानाकोपऱ्यात राहिलेलं असतं, म्हणून हजार किलोमीटरनंतर एकदा पुन्हा बदलायचं.

आता १२ एप्रिलबद्दल. तुझ्या पत्रात एक वाक्य नाही. ते मी घालते.

तुझं पत्र वाचल्यावर मी पुस्तक पुन्हा काढलं. मागे मी फक्त तेलाचं प्रकरण वाचलं होतं. या वेळी बॉनेटचं वाचलं. तिथं चौकटीत लिहिलं आहे की समोर हिरवा दिवा लागलेला असेल तर आवाज नसला तरी गाडी चालू आहे, इंजिन कधीही आपोआप सुरू होईल, म्हणून आधी बटन दाबून गाडी बंद करावी आणि किल्ली दूर ठेवावी. हे मी वाचत असताना मला आठवलं. तू पिटमध्ये उतरण्याआधी पायरीवर थांबून मला विचारलं होतंस की ताई, गाडी बंद आहे ना. मी पर्स घेऊन घरात निघाले होते. मी म्हणाले, बंदच आहे, आवाज येतोय का, ऐकू येत नाही का तुला. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती हसली.

हिरवा दिवा लागलेला होता. मायसाठी एसी मीच चालू ठेवला होता. गाडी माझी, किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि बंद आहे असं सांगणारी मी. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवून खाली उतरलास. तुझा हात वर फिल्टरवर होता. आणखी कुठे असता तर काय झालं असतं, याचा विचार मी दोन रात्री केला. आता करत नाही.

तेव्हा पंधरा सेकंदांचा दोष माझा. जाड तेलाचा आणि खोट्या पत्राचा तुझा. मी माझा कमी करत नाही आणि तुझा माफ करत नाही. कानाबद्दल जे बोलले ते चार लोकांत बोलायला नको होतं. एकांतातही नको होतं.

अनुपला रविवारी सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. मग त्यानं विचारलं की मामाचा दंड बरा झाला का. त्याचं एक म्हणणं मी मान्य केलं आहे, इंजिन एकदा कंपनीच्या सेंटरला तपासून घेते. झालं ते सगळं त्यांना लेखी देणार आहे. वॉरंटीचं जे होईल ते होईल.

त्यानंतर तेल बदलायला गाडी अकोल्याला येईल. दि. ६ जुलै, रविवार, सकाळी नऊ. शटर बंद करायचं असेल तर त्याआधी कर, नाहीतर मला उघडं दिसलं पाहिजे. जिल्हा रुग्णालयात कान तपासून घे आणि कागद मला दाखव. पावतीवर तेलाचं नाव आणि नंबर हवा. कोणतं तेल घालायचं हे दीपमाला ठरवेल. नांदगाव पेठच्या नोकरीचं तिनं मला विचारलं. मी सांगितलं की सहा जुलैनंतर बघ.

माय या वेळी गाडीत बसणार नाही. तिला कूलरसमोर बसवावं. तिला हे मान्य नाही, पण तिला विचारलेलं नाही.

माझा जीव तुमच्यात आहे, हे लिहायला लागू नये.

तुझी,
प्रियदर्शनीताई

•

अकोला
दि. ९ जून २०२५

आदरणीय ताई यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

शटर उघडं आहे.

सरकारी दवाखान्यात गेलो होतो. डावा कान कामाचा नाही, उजव्यात मशीन बसवणार. परवा लावून पाहायले दिलं तर दुकानातला कंप्रेसर इतका ओरडते हे मले तेव्हा कळलं. हर्षाचंही तसंच, पण ते मी तिले सांगतलं नाही.

दीपमालानं पिटच्या वर भिंतीले खिळा ठोकला. आता कोणतीही गाडी आली की आधी ते समोर जाऊन दिवे पाहते, बटन दाबते, अन् किल्ली घरातल्या खिळ्याले नेऊन लटकवते, दुकानातल्या नाही, कारण म्हणे या किल्ल्या दुरूनही गाडीशी बोलतात. भिंतीवरच्या खिळ्याले ते पाटी लावते की गाडी बंद. पाटी लागल्याशिवाय मले पिटची पायरी उतरायची परवानगी नाही. माह्या दुकानात मलेच. नांदगाव पेठच्या मैत्रिणीले तिनं सध्या नाही म्हणून कळवलं.

ताई, तू पायरीवरचं वाक्य लिहिलं. ते मले त्याच दिवसापासून आठवत होतं. पत्रात घातलं नाही, विसरलो म्हणून नाही. तू बंद म्हटली तरी वाकून दिवा पाहायचं काम माहं होतं. हात माहा जाणार होता. मोठी बहीण म्हणते म्हणून गाडी बंद होत नसते.

६ जुलैले सकाळी नऊ वाजता ये. पातळ तेलाचा डबा आणून ठेवला आहे, पावती आधीच लिहिली आहे, नंबरासकट. कूलर मायच्या खोलीत लावून ठेवतो अन् वाटीभर ठेचा हर्षा करून ठेवते, त्याचं तू आता काही बोलू नको.

तुही माया आहे तशी राहू दे. तुहा शब्दही मी मानतो. फक्त गाडी बंद आहे की नाही, ते यापुढे मी सोता पाहीन.

तुहा,
धर्मेंद्र